मार्ली पाहून लॅब्राडोर आणायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून. 'मार्ली अँड मी' टीव्हीवर लागून गेला की हा प्रश्न ठरलेला: लॅब खरंच इतका भैताड असतो का, आणि नागपुरात पाळावा का?

2008 च्या या सिनेमात मार्ली म्हणजे एक कुत्रा नव्हे. 22 पिवळ्या लॅब्राडोरांनी मिळून ते काम केलं. म्हणजे तो धुडगूस शिकवलेला आहे. तरी पट्टा ओढणं, सोफा फाडणं खोटं नाही. शिकारीचा पक्षी पाण्यातून तोंडात धरून आणायला घडवलेली ही जात, तिच्या तोंडाला सतत काहीतरी हवंच असतं. चघळायचं खेळणं दिलं नाही, तर चप्पल आहेच.

पट्टा ओढला की जागीच थांबायचं, सैल पडला की चालायचं. 10 मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि घरातल्या सगळ्यांनी. आजोबांनी लाडाने एकदा ओढू दिलं की आठवड्याची मेहनत पाण्यात, कारण कधीतरी जमणारी युक्ती कुत्रा जास्त चिकाटीने करतो. सिनेमात मार्लीला शिकवणीतून हाकलतात आणि आपण हसतो. नापास खरं तर मालक झालेला असतो.

आता मे महिना. 45 अंशांत फिरणं सकाळी 6 च्या आत, नाहीतर रात्री. तळहाताची पालथी बाजू सडकेवर 7 सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील. केस भादरू नका. कूलर चालेल, पण खिडकी उघडी ठेवून. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, आणि कोंदट दमट खोलीत ते जमत नाही. जीभ गडद लाल, चाल लडखडती, ताप 40 च्या वर गेला तर आधी अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मग गाडी काढा. रसाच्या दिवसांत आंब्याची कोय त्याच्या हाती लागू देऊ नका. आतड्यात अडकली की ऑपरेशनच. सावजी रश्श्यातली हाडं आणि कांदाही नको.

सिनेमाच्या शेवटी सगळ्यांना रडवतं ते मार्लीचं पोट. त्यावर बोलणं अवघड, पण तेच कामाचं. म्हातारपणी मार्लीच्या पोटाला पीळ पडतो, तो वाचतो, आणि पुन्हा पडतो. यात नवल नाही. पीळ नुसता सोडवला, पोट आतल्या भिंतीला टाके घालून बसवलं नाही, तर पीळ परत पडण्याची शक्यता मोठी असते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त. म्हणून जेवण दिवसातून दोनदा विभागून, आणि जेवल्यावर तासभर धावपळ बंद. पोट ढोलासारखं फुगलं, उलटीचे उमाळे येऊन बाहेर काहीच पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. ओवा-हिंग तर मुळीच नको. हातात काही तासच असतात.

पिल्लू आणण्याआधीच सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि जवळच्या डॉक्टरांकडे एक गोष्ट विचारून ठेवा: रात्री 2 वाजता ऑपरेशन कोण करतं? तो नंबर फ्रिजवर चिकटवा.