खो-खो आक्रमकांचा हंगामपूर्व सराव : दुसऱ्या टप्प्याची नोंद

आधी पहिल्या टप्प्याचा निकाल. चार आठवडे मूळ ताकदीवर काम झालं. स्क्वॉटचं वजन सगळ्यांचं वाढलं, उभ्यावरून १० मीटर पळण्याची वेळही थोडी खाली आली. ५०५ चाचणीची, म्हणजे वेगात येऊन वळून परत फिरण्याची, वेळ मात्र जागची हलली नाही. म्हणजे खेळाडू वेग घ्यायला शिकले, पण ब्रेक लावायची ताकद आलेली नाही.

आक्रमणात हीच ताकद जास्त लागते. मैदान २७ बाय १६ मीटरचं, त्यामुळे मध्यपाटीपासून बाजूच्या रेषेपर्यंत पूर्ण ८ मीटरही मिळत नाहीत. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत उलटं फिरता येत नाही. बसलेल्या खेळाडूची आडवी पाटी ओलांडून दिलेला खो फाऊल ठरतो. पायात वेग आहे पण थांबता येत नाही, असा खेळाडू एक तर फाऊल करतो किंवा फाऊलच्या धाकाने आधीच हळू पळतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती स्कोअरशीटवर दिसत नाही.

५०५ चाचणी कशी घ्यायची ते सविस्तर लिहितो, बरेच जण इथेच गडबड करतात. वळायच्या रेषेपासून १५ मीटरवर सुरुवात, ५ मीटरवर वेळेची रेषा. खेळाडू १० मीटर वेगात येतो, वेळेची रेषा ओलांडतो, पुढे ५ मीटर जाऊन वळतो आणि परत तीच रेषा ओलांडतो. मोजायची ती या दोन ओलांडण्यांमधली वेळ. जाता-येता रेषा एकच असल्यामुळे एक मोबाईल पुरतो. तो रेषेच्या अगदी सरळीत, ४-५ मीटर लांब, कमरेच्या उंचीवर स्टँडला लावा आणि सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रीकरण करा. दोन्ही वेळा कंबर रेषेवर आलेली फ्रेम धरा. हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नका. अंगठ्याची चूकच सहज ०.२ सेकंदाची होते आणि आपण ज्या सुधारणेच्या मागे आहोत ती त्याहून लहान असते.

५०५ च्या वेळेतून १० मीटरची वेळ वजा करा. समजा १० मीटर १.८० आणि ५०५ २.४५, तर वळण्याची तूट ०.६५. डाव्या आणि उजव्या पायाची वेगळी काढा. नुसती ५०५ पाहिली तर सरळ धावेत वेगवान असलेला खेळाडू वळण्यातही चांगला वाटतो, आणि त्याचा खरा दोष झाकला जातो.

आता या टप्प्यातलं काम. आठवड्यात तीन दिवस जड, आणि जड दिवशी मैदान आधी, वजनं नंतर. पाय थकले की थांबण्याची पद्धत बिघडते आणि तीच बिघडलेली पद्धत अंगवळणी पडते.

मैदानावर पहिल्या आठवड्यात ५ मीटर पळून दोन पावलांत थांबणे, ६ वेळा. मग १० मीटर, आणि ते स्वच्छ जमलं तरच १५. प्रत्येक धावेनंतर १ ते दीड मिनिट पूर्ण विश्रांती. ही विश्रांती कापली की वेगाचा सराव राहत नाही, दमसासाचा होतो. पाहायचं ते शेवटून दुसरं पाऊल. ब्रेक तिथे लागला पाहिजे: पाऊल पूर्ण टेकलेलं, गुडघा आणि कंबर दोन्ही वाकलेली. शेवटचं पाऊल फक्त दिशा बदलण्यासाठी. सगळा ब्रेक शेवटच्या पावलावर ठेवला तर पाय ताठ पुढे पडतो, गुडघा आत वळतो, आणि लिगामेंटच्या दुखापती नेमक्या अशाच होतात.

त्यानंतर उकिडव्या स्थितीतून सुटणे. पाठीवर हात आणि ‘खो’चा आवाज एकदमच, मग ५ मीटर. डावी-उजवी दोन्हीकडे ४-४. नेहमीची चूक म्हणजे आधी ताठ उभं राहायचं आणि मग पळायचं. कंबर अर्ध्यावर असतानाच पहिलं पाऊल पडायला हवं, नडगी पळायच्या दिशेला झुकलेली.

वजनांत स्क्वॉट ३ रेप्सचे ५ सेट, कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंत. मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचा स्क्वॉट ६ रेप्सचे ३ सेट, खाली जायला मोजून ४ सेकंद. थांबण्याची ताकद या सावकाश उतरण्यातूनच येते, म्हणून वजन कमी करावं लागलं तरी चालेल, पण वेळ कापू नका. नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे धरून ठेवलेले असताना अंग सावकाश पुढे झुकवणे) ३ रेप्सच्या २ सेटपासून ५ रेप्सच्या ३ सेटपर्यंत, सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत अजिबात नाही. मांडीच्या आतल्या स्नायूंसाठी कुशीवर होऊन बाकावर वरचा पाय टेकवून अंग आडवं धरून राहणे, २० सेकंद, दोन्ही बाजू. शेवटी ३० सेंटीमीटर उंचीवरून उतरून जागच्या जागी गोठणे, ५ वेळा. आवाज मोठा आला तर उंची कमी करा.

गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल, आणि तासन् तास पाटीवर बसणाऱ्यांना हे होतंच, तर त्या आठवड्यात उड्या पूर्ण बंद. त्याऐवजी भिंतीला पाठ लावून ४५ सेकंद स्थिर बसणे, ५ वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. वाढीच्या वयातल्या मुलामुलींना वाटीखालच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे नेऊ नका.

मॅटबद्दल. मातीवर पाय थोडा घसरतो आणि ब्रेक लांबतो. मॅटवर बूट चिकटतो, पाऊल थांबतं आणि अंग फिरत राहतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक मॅटवरच झाला. पुरुष संघाचा प्रतीक वाईकर आणि महिला संघाची प्रियांका इंगळे या आपल्याच दोन कर्णधारांनी तिथे दोन्ही करंडक उचलले. आता वरच्या स्पर्धा मॅटवर आणि गावातला सराव मातीवर, हे चालूच राहणार. मॅटवर जाताना पहिल्या आठवड्यात वळणांची संख्या निम्मी ठेवा, वेग तोच राहू द्या.

टप्प्याअखेर तूट बहुतेकांची कमी झाली, १० मीटरची वेळ तशीच राहिली. अपेक्षित होतं तेच. डाव्या-उजव्यातला फरक मात्र पुरता गेलेला नाही, आणि त्याचं कारण खांबावर दिसतं: जवळजवळ सगळे एकाच हाताने खांब धरून वळतात. म्हणून तिसऱ्या टप्प्यात खांबाची वळणं कमजोर हाताने दुप्पट. खांब १२० ते १२५ सेंटीमीटर उंच असतो, सरावाचा खांबही तेवढाच घ्या, नाहीतर पकड आणि अंगाचा झुकाव दोन्ही चुकीचे बसतात. आतला पाय खांबाच्या बुडाशी, अंग आत झुकलेलं, हाताने फक्त तोल सांभाळायचा. सूर मारण्याचा सराव त्यानंतर, ताज्या पायांनी, वेगळ्या दिवशी.