बसलं की आग, उठलं की उतार: पुडेंडल नसेचं दुखणं

सोनोग्राफी नॉर्मल. लघवीच्या कल्चरमध्ये काही सापडलं नाही. कंबरेच्या एमआरआयवर ‘वयोमानानुसार किरकोळ झीज’ एवढाच शेरा. आणि तरीही खुर्चीत टेकलं की थोड्याच वेळात गुदद्वार, जननेंद्रिय आणि मधल्या भागात आग, टोचणी, करंट लागल्यासारखी कळ. अशा पेशंटची फाइल सहसा जाड असते. बायकांना युरिन इन्फेक्शनची औषधं, पुरुषांना प्रोस्टेटची सूज म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स, आणि दोघांनाही मूळव्याधीचं मलम. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला वरून फुकट.

या दुखण्यामागे पुडेंडल नस असू शकते. ती कण्याच्या शेवटाकडच्या एस-२, एस-३ आणि एस-४ या मुळांतून निघते, कुल्ल्यात उतरते, तिथे दोन चिवट अस्थिबंधांच्या मधून जाते आणि मग अल्कॉक कॅनॉल नावाच्या बोगद्यातून पुढे सरकते. तिच्या तीन फांद्या: एक गुदद्वाराकडे, एक मधल्या भागाकडे, एक शिश्नाकडे किंवा क्लिटोरिसकडे. अस्थिबंधांची ती फट आणि तो बोगदा, या दोन जागी ती आवळली जाते. सायकलची अरुंद सीट, तासन्‌तास बैठक, वर्षानुवर्षं कुंथणं, अवघड बाळंतपण किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन ही नेहमीची निमित्तं. अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनमध्ये कधीकधी यातल्याच एका अस्थिबंधाला टाका घालतात. भूल उतरताच कुल्ल्यात जबर कळ सुरू झाली, तर ‘जखम आहे, दुखणारच’ म्हणून आठवडे काढू नका. त्याच सर्जनला लगेच दाखवा, कारण टाका लवकर काढला तर फायदा होतो.

निदान मुख्यतः ऐकून होतं. फ्रान्समधल्या नाँत शहरातल्या डॉक्टरांनी ठरवलेले निकष २००८ साली प्रसिद्ध झाले आणि आजही तेच वापरतात. दुखणं याच नसेच्या हद्दीत असावं, बसल्यावर वाढावं, रात्री झोपेतून उठवू नये, तपासताना त्या भागाची संवेदना गेलेली नसावी आणि नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दुखणं थांबावं. नुसतं माकडहाड दुखणं किंवा नुसती खाज यात बसत नाही. एमआरआय करतात तो गाठ किंवा दुसरं कारण नाही ना, हे बघायला. त्यात नस आवळलेली दिसलीच पाहिजे असं नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही.

एक गोष्ट डॉक्टर विचारोत न विचारोत, सांगाच: कमोडवर बसल्यावर कसं वाटतं? खुर्चीपेक्षा कमोडवर बरं वाटत असेल, तर तो मोठा धागा आहे, कारण तिथे मधल्या भागावर दाब येत नाही.

मात्र मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद गेली, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा. रक्त पडणं, ताप, वजन घटणं किंवा रात्री झोपमोड करणारी कळ असेल, तर आधी दुसरं कारण शोधायला हवं.

उपचारात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम. ‘खालचे स्नायू कमजोर आहेत’ असं गृहीत धरून लोक दिवसभर आवळत बसतात. या दुखण्यात ते स्नायू बहुधा आधीच आवळलेले असतात, त्यामुळे आग आणखी भडकते. शिकायचं असतं ते सैल सोडायला. पाठीवर झोपा, पिंढऱ्या खुर्चीवर ठेवा, हात पोटावर. चार आकडे मोजत श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, खालचा भाग आपोआप सैल पडू द्या. सहा आकडे मोजत सोडा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. खाली जोर लावायचा नाही, आवळायचंही नाही.

बसण्यासाठी गोल भोकाची उशी घेण्याआधी घरीच प्रयोग करा. दोन टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या करा आणि बैठकीच्या दोन हाडांखाली एकेक ठेवा, मध्ये फट राहू द्या. आराम पडला तर तशीच, मधून कापलेली उशी घ्या. खड्ड्यांतून स्कूटर आणि उकिडवं बसून कुंथणं काही काळ टाळलेलं बरं.

फिजिओथेरपिस्ट गाठताना पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करतात का, हे फोनवरच विचारा. तपासणी योनीतून किंवा गुदद्वारातून ग्लोव्ह घातलेल्या बोटाने होते. आधी समजावून परवानगी घेतलीच पाहिजे. सोबत कुणी हवं असेल तर तसं सांगा.

डॉक्टर म्हणाल तर पेन क्लिनिकचे. हे बहुतेक भूलशास्त्रातले एमडी असतात. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात भूलशास्त्र विभागाकडे चौकशी करा. ‘पुडेंडल ब्लॉक’ म्हणजे या नसेजवळ द्यायचं तेच भुलीचं इंजेक्शन. हा शब्द बाळंतपणामुळे गायनॅकनाही ओळखीचा आहे, पण जुनाट दुखण्यासाठी तो देणारे थोडे. विचारायचं एवढंच: तुम्ही असे ब्लॉक नियमित देता का, आणि सुई सोनोग्राफी, सीटी किंवा सी-आर्मवर (लगेच चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनवर) बघून घालता का?

ब्लॉकच्या दिवशी पेशंट हमखास एक घोळ घालतात: घरी येऊन झोपतात. मग कसोटी वाया. सकाळी नेहमीचं दुखणं असू द्या, जादा पेनकिलर नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. नंतर, ज्या खुर्चीत त्रास होतो तिच्यातच बसा आणि दर अर्ध्या तासाला दहापैकी किती दुखतंय ते सहा तास लिहा. थोडा वेळ पाय जड पडू शकतो, म्हणून सोबत माणूस हवा, गाडी चालवायची नाही. आराम काही तासांचाच मिळाला तरी निदानाला मोलाचा. स्टेरॉइड मिसळल्याने जास्त फायदा झाला नाही, असं फ्रान्समधल्याच चाचणीत दिसलं.

नसेच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅकचा सहसा उपयोग नाही. अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून, किंवा प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन कमी डोसपासून हळूहळू वाढवतात. अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं आणि दुखणं वाढतं, म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी आणि इसबगोलाबद्दल विचारून घ्या. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर सांगाच. मनाने एकदम बंद करू नका.

नस मोकळी करण्याचं ऑपरेशन सगळ्यात शेवटी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२ पेशंटांच्या फ्रेंच चाचणीत वर्षभराने ऑपरेशन केलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के सुधारले, न केलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के. आकडा चांगला आहे, पण चाचणी छोटी, आणि सुधारले म्हणजे सगळे ठणठणीत झाले असं नाही. नस सावरायला महिने लागतात, त्यामुळे सहा आठवड्यांत फरक नाही म्हणून ऑपरेशन फसलं असा हिशेब करू नये. आणि ब्लॉकने काडीचाही फरक पडला नसेल, तर सुरीखाली जाण्याआधी दुसरं मत घ्याच.