तिसरा आला की सगळे मुके: आमच्या सूरकट्ट्याची नोंद

मागच्या नोंदीत जित्सी, म्हणजे ब्राउझरमधून एकत्र बोलायचं मोफत सॉफ्टवेअर, घरच्या सर्व्हरवर उभं केल्याचं लिहिलं होतं. आमचा रात्रीचा सूरकट्टा आता तिथेच भरतो. नागपूर, वर्धा, अमरावतीची मंडळी आणि पुण्याला गेलेले काही जुने सोबती. एक राग घ्यायचा, त्याची दोन-तीन ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि मग बोलत बसायचं. व्हिडिओ बंदच असतो, त्यामुळे आवाज गेला की कट्टा उठला. म्हणून या वेळी फक्त आवाजाबद्दल.

एक गोष्ट मला पक्की पटली आहे. ज्याला त्रास होतो, त्याच्याकडे बिघाड बहुतेकदा नसतोच.

प्रतिध्वनीचंच घ्या. अमरावतीच्या काकूंना स्वतःचं प्रत्येक वाक्य परत ऐकू यायचं. त्यांनी हेडफोन बदलला, फोन बंद करून चालू केला, काही फरक नाही. फरक पडणारच नव्हता, कारण त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधून बाहेर पडून त्याच्याच माइकमध्ये शिरत होता. शोधायची रीत सोपी आहे. ज्याला प्रतिध्वनी येतो त्याला बोलत ठेवायचं आणि बाकीच्यांना एकेक करून म्यूट करत जायचं. ज्याच्यापाशी तो थांबेल, ते घर. सगळ्यांना स्वतःचा आवाज परत येतोय आणि एकालाच येत नाही, असं असेल तर म्यूट करत बसायचीही गरज नाही, तो एकच आपला माणूस.

आमच्याकडे ते घर वर्ध्याच्या दादांचं निघालं. त्यांनी लॅपटॉपवर जित्सीची खोली, म्हणजे कट्ट्याचं पान, उघडली होती आणि शेजारी फोनवरही. ब्राउझर स्वतः जे वाजवतो तेच त्याला माइकमधून वजा करता येतं. शेजारच्या फोनमधून काय वाजतंय हे लॅपटॉपला कळायला मार्गच नाही. फोनवरची खोली बंद केली आणि काकू म्हणाल्या, "आता बराबर येऊन राहिला."

दुसरं प्रकरण जास्त दिवस पुरलं. दोघं असताना आवाज स्वच्छ, तिसरा आला की तिघंही मुके. नावं दिसतात, गप्पांच्या चौकटीत लिहिता येतं, आवाज मात्र कुणालाच नाही. साहजिकच सगळे तिसऱ्याला म्हणायचे, "भाऊ, तुझा माइक पाहा." त्याच्या माइकला काहीही झालेलं नव्हतं. जित्सीमध्ये दोघंच असले की आवाज शक्यतो थेट एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तिसरा आला की सगळ्यांचा आवाज सर्व्हरवरच्या व्हिडिओब्रिजमधून, म्हणजे सगळ्यांचा आवाज सगळ्यांना वाटून देणाऱ्या भागातून, फिरतो आणि त्यासाठी यूडीपीचं (थेट आवाजासाठी वापरायची डेटा पाठवायची पद्धत) १०००० हे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं त्या नंबरचं दार, बाहेरून उघडं लागतं. घरच्या राउटरमागे सर्व्हर असेल तर ते पोर्ट सर्व्हरकडे वळवायचं आणि ब्रिजला आपला बाहेरचा सार्वजनिक पत्ताही सांगायचा. नाहीतर तो लोकांना घरातला १९२.१६८ वाला पत्ता देत बसतो.

हे करण्याआधी राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा पत्ता बघाच. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यामागे ठेवलंय आणि पोर्ट वळवून काही होत नाही. माझं तेच होतं. थोडे जास्त पैसे भरून स्थिर पत्ता घेतला, तेव्हा कुठे तिसऱ्याला वाचा फुटली.

एक सोबती ऑफिसच्या वायफायवरून येतो, तिथे यूडीपीच अडवलंय. त्याच्यासाठी टर्न सर्व्हर, म्हणजे आवाज मध्ये घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, टीएलएसवर (वेबसाइटसारख्या सुरक्षित जोडणीवर) ४४३ पोर्टला लावला. आता तो येतो, आवाज किंचित उशिरा पोचतो एवढंच. ब्राउझरमधल्या थेट आवाज-व्हिडिओच्या यंत्रणेला वेबआरटीसी म्हणतात. क्रोममधलं वेबआरटीसी-इंटर्नल्स हे पान उघडून ठेवलं की जोडणी कुठल्या वाटेने झाली आणि डेटाची पाकिटं किती गळतात ते समोर दिसतं. फायरफॉक्सला वेबआरटीसीचं तसंच पान आहे.

ब्राउझरच्या बाकी तक्रारी लवकर आटोपतात. पानाचा पत्ता एचटीटीपीएसचा (सुरक्षित जोडणीचा) नसेल तर ब्राउझर माइक देतच नाही, परवानगीसुद्धा विचारत नाही. एखाद्या ॲपच्या आतच लिंक उघडली असेल तर ती बाहेर क्रोम किंवा सफारीत उघडायची. आत आल्यावर पानावर कुठेतरी एकदा टिचकी मारायची, कारण वापरणाऱ्याने काही केल्याशिवाय आवाज वाजू न देण्याचं धोरण ब्राउझरांनी २०१८च्या सुमारास कडक केलं.

आता मुख्य दुखणं. नागपूरचा उन्हाळा म्हणजे घरोघरी कूलर. बोलणारा क्षणभर थांबला की ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) माइक वर चढवतं आणि खोलीभर कूलरची घरघर. म्हणून नॉइज सप्रेशन, म्हणजे गोंगाट दाबणारी सोय, हवंच. पण ते सलग, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट असं धरून चालतं, आणि तानपुरा तर सलगच असतो. ताईंनी पूरिया धनाश्री राग समजावताना तानपुरा लावला. पहिले काही क्षण आला, मग विरत गेला, त्या गायला लागल्या की तुकड्यातुकड्यांनी डोकवायचा. जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, तर पार गेली.

तोडगा असा: गाऊन दाखवणाऱ्याने कूलर बंद करायचा, हेडफोन लावायचा आणि त्याच्यापुरतं नॉइज सप्रेशन व ऑटो गेन बंद ठेवायचं. हेडफोन तारेचाच. ब्लूटूथवाल्याचा माइक चालू झाला की तो फोनकॉलच्या पद्धतीवर जातो आणि नमुन्यांचा दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो) बऱ्याचदा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. त्यात बोलणं कळतं, जवारी नाही. ज्यांच्याकडे ब्लूटूथच आहे त्यांनी ऐकायला तो आणि बोलायला लॅपटॉपचा माइक निवडावा, मग ऐकण्याचा दर्जा टिकतो. ध्वनिमुद्रणं मात्र माइकसमोर वाजवायचीच नाहीत. संगणकावरच्या क्रोममधून टॅब शेअर करताना टॅबचा ऑडिओ निवडायचा, तो माइकच्या या गाळण्यांतून जात नाही.

नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेला तारेचा हेडफोन जुन्या डेस्कटॉपला लावणार असाल तर पिन बघून घ्या. तीन काळ्या रेघा असतील तर तो चार भागांचा आहे आणि डेस्कटॉपच्या दोन वेगळ्या भोकांसाठी स्प्लिटर लागेल.

अजून सुटलेलं नाही ते असं: आयफोनवाल्या दोघांना मध्ये फोनकॉल आला की परत आल्यावर त्यांचा माइक मुका राहतो, पान पुन्हा उघडावं लागतं. कुणी याच्यावर उपाय केला असेल तर आयओएसची आवृत्ती सांगून लिहा. पुढच्या बैठकीला मारवा घेतोय, तेव्हा करून बघेन.