मधल्या सुट्टीत न जाणारा मुलगा

परळच्या आमच्या शाळेत आज तिसऱ्या तासाला एका मुलाने पुन्हा लघवीला जाण्याची परवानगी मागितली आणि मी जरा चिडूनच विचारले, की मधल्या सुट्टीत का जात नाहीस. तो काहीच बोलला नाही. तास संपल्यावर त्याच्या बाकावर कर्कटकाने कोरलेला ‘छक्का’ हा शब्द दिसला. त्याने त्यावर पेन इतक्या वेळा फिरवले होते की तेवढे लाकूड निळे पडले होते. सुट्टीत मुले त्याला मुतारीत गाठतात, म्हणून तो सकाळपासून पाणीच पीत नाही, हे त्याने नंतर हळूहळू सांगितले. त्याचे गुण घसरले ते मोबाइलमुळे, असे आम्ही शिक्षक (मीसुद्धा) ठरवून मोकळे झालो होतो.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. पण आपण कोण आहोत हे ज्याला अजून स्वतःलाही उमगले नसेल, त्या मुलाची शिक्षा मात्र आधीच सुरू झाली आहे.

बाक सुताराकडे पाठवला आहे. उद्यापासून सुट्टीत मी मुतारीबाहेरच्या व्हरांड्यात उभी राहणार आहे.