भंगार गेलं, दाखला मात्र अडला

जुने कॉम्प्युटर न्यायला गाडी सांगितलेल्या वेळेला आली, माल काट्यावर चढला, पैसेही लगेच जमा झाले. अडलं ते माल रीतसर रीसायकल झाल्याच्या दाखल्यावर. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

सांगलीत आमचं जीएसटी-इन्कम टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि आमच्या जुन्या मशीन विंडोज ११ घेईनात. पक्षकारांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील असलेल्या मशीन सुरक्षा अपडेटशिवाय नेटला जोडून ठेवणं मला पटत नव्हतं. नवीन घेतल्या. जुन्या गल्लीतल्या भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. तांब्यासाठी वायरी जाळतात आणि बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, ते कुठल्यातरी नाल्याकाठीच चालतं. त्या धुरात काम करणाऱ्यांच्या छातीत काय जातं, ते कुणी मोजत नाही.

म्हणून ‘सरकारमान्य ई-कचरा’ असा फलक लावणाऱ्या एका कंपनीला बोलावलं. माल न्यायला आलेल्या पोराने ‘संगणक साहित्य, मिक्स’ एवढंच लिहून खाली वजन टाकलं आणि पावती फाडून दिली. दाखल्याचं विचारलं, तर “सर, मेलवर येऊन जाईल.”

मेल आला नाही. फोन केला की साहेब बाहेर असायचे. शेवटी साहेब सापडले, तर मलाच कायदा शिकवायला लागले: “तुम्ही बल्क कन्झ्युमर नाही, तुम्हाला दाखला कशाला हवा?” त्यांचं अर्धं खरं होतं. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि त्यांत बल्क कन्झ्युमर म्हणजे वर्षात किमान १००० उपकरणं वापरणारा. आमच्यासारखं ऑफिस त्यात बसत नाही. पण सक्ती नाही म्हणून मागायचा हक्कही नाही, असं कुठे लिहिलंय? माझ्या पक्षकाराने उद्या विचारलं, की आमचा हिशेब ज्या मशीनवर होता ती कुठे गेली, तर काय, काट्याची पावती दाखवू?

बऱ्याच तगाद्यानंतर एक कागद आला. त्यावर मशीनचा एकही सिरियल नंबर नव्हता, रीसायकलर म्हणून भलत्याच कंपनीचं नाव होतं आणि खाली दिलेल्या परवान्याची मुदत संपलेली. मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरची यादी काढून बसलो. या नियमांत नोंदणी चौघांचीच होते: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर (जुनं दुरुस्त करून परत वापरात आणणारा) आणि रीसायकलर. माझा माल उचलणारे त्यांत कुठेच नव्हते. ते नुसते गोळा करून पुढे विकणारे.

मी लेखी मेल टाकला: माल कुणाला दिला, कधी दिला, माल पाठवल्याच्या चलनाची प्रत द्या. मेलची प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयाला ठेवली. एरवी बाहेर असणाऱ्या साहेबांचा त्यानंतर स्वतःहून फोन आला. रीसायकलरचं नाव मिळालं, ते यादीत सापडलं, आणि पुढचं मी थेट त्यांच्याशीच बोललो. सिरियल नंबरसकट दाखला आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. सिरियल नंबरची यादी माझ्याकडे तयार होती म्हणूनच जमलं. गाडी येण्याआधी प्रत्येक मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. आणि चलनावरचं नाव व परवान्यावरचं नाव एकच आहे का, हे माल उचलू देण्याआधी बघा.

हार्डडिस्क मी गाडीत चढवल्याच नव्हत्या. नुसतं फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही. चालू डिस्कवर एनवाइप हे फुकट सॉफ्टवेअर रात्रभर लावलं. एसएसडीला, म्हणजे चिपवाल्या डिस्कला, ते पुरत नाही, तिथे डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. बंद पडलेल्या डिस्क फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन ड्रिलने आरपार भोकं पाडली. डेस्कटॉपच्या डिस्कमधून ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस निघाला. लॅपटॉपच्या एका डिस्कची तबकडी मात्र काचेची निघाली, ड्रिल टेकताच आत चुरा झाला. डोळ्याला संरक्षक चष्मा लावल्याशिवाय हे करू नका. पुसण्याआधी बॅकअप उघडून तपासा. जीएसटीच्या वह्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात.

सगळंच भंगार नव्हतं. त्यातल्या त्यात बऱ्या तीन मशीनमध्ये रॅम वाढवली, नवीन एसएसडी घातली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकली आणि पक्षकाराच्या गावातल्या शाळेला दिल्या. मराठी टायपिंग तिथे नीट चालतं. हेडबाईंनी पोचपावती शाळेच्या लेटरहेडवर, सिरियल नंबर घालून, त्याच दिवशी दिली. त्या कंपनीला जे जमलं नाही ते त्यांनी चहा येईपर्यंत केलं!

यूपीएसच्या बॅटऱ्या या मालात घालू नका, त्यांचे नियम वेगळे आहेत. नवीन बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किमतीत वळती करतो.

आणि सगळ्यात आधी करायचं ते आत्ता आठवलं: मशीन पुसण्यापूर्वी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्यावरून सरेंडर करा, मगच ते नव्या मशीनवर चालू करा. डिस्क पुसल्यावर ते करायला बसलात तर सपोर्टच्या फोनवर ताटकळावं लागेल.