गुळवेलीच्या एका चित्रासाठी अकरा महिने

औषधी वनस्पतींच्या पुस्तकासाठी गुळवेलीची प्लेट, म्हणजे पानभर चित्र, काढायची होती. पेन्सिल, इंक, वॉटरकलर सगळं मिळून तीन आठवड्यांचं काम. अडकलं ते ओळखीच्या दाखल्यावर, म्हणजे ज्या वेलीवरून चित्र काढलं ती खरंच टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया (गुळवेलीचं शास्त्रीय नाव) आहे असा तज्ज्ञांचा शिक्का. त्यासाठी दाबून वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, जमा करायचा आणि त्याचा नंबर चित्राखाली घालायचा.

पावसाळ्यात मस्त भरलेल्या पानांची फांदी दाबून नेली. दीड महिन्याने परत आली, शेरा काय तर 'फूल/फळ नाही'. अहो, फॉर्मवर हे कुठेच लिहिलेलं नाही! आता गुळवेल फुलते उन्हाळ्याच्या तोंडाला आणि तेव्हा बहुतेक पानं गळालेली असतात. थांबले. मार्चमध्ये पिवळसर हिरव्या बारीक फुलांचे तुरे घेऊन गेले तर दुसरा शेरा, 'पाने नाहीत'. संताप संताप झाला. जे वेल एका वेळी देतच नाही ते मी कुठून आणू? पुन्हा चकरा, पुन्हा 'पुढच्या आठवड्यात या'. शेवटी आतल्या एका मॅडमनी सांगितलं की एकाच वेलीचे वेगवेगळ्या तारखांचे दोन नमुने द्या आणि दोन्ही लेबलांवर एकमेकांचे नंबर लिहा. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? म्हणून सांगते, पहिली फांदी तोडाल तेव्हाच वेलीला टॅग बांधा. मी बांधला नव्हता, नशिबाने वेल कुंपणावरची होती म्हणून सापडली.

एवढं होऊनही माझी वेल निघाली नर. गुळवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, त्यामुळे लाल फळांसाठी दुसरी वेल शोधली, तिसरा नमुना दिला.

त्यांच्या हट्टामागचं कारण मला पटतं, खोटं नाही बोलणार मी. टिनोस्पोरा सायनेन्सिस या तिच्या जातभाई वेलीचं पान लांबून तसंच दिसतं, पण उलटं करून भिंगाखाली धरलं की मऊ लव दिसते, आपल्या गुळवेलीचं पान तिथे गुळगुळीत असतं. औषधाची वनस्पती आहे, चित्र बघून कोणी भलतीच वेल तोडली तर? पण मग नियम आधी सांगा ना.

आणि हो, फुलांचं चित्र काढायचं तर थोडी फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, दाबलेली चपटी होतात. नर फुलाची पाकळी सुईने बाजूला केली तर ती पुंकेसराला कवेत घेऊन बसलेली दिसते, ते काढताना मी सगळा राग विसरले होते. रंगांचे पट्टे ताज्या फांदीवरूनच करून ठेवा, वाळल्यावर सगळं तपकिरी.

प्लेटखाली आता तीन नंबर आहेत. 'दुप्पट मोठे' असं लिहू नका बरं का, स्केलची रेघच काढा, छापताना चित्र लहान केलं की तो आकडा चुकतो.