सरांची पेटी: भाता झाला, काळी पाचचं कोडं सुटलं

सरांच्या पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, भात्याचं काम एकदाचं संपलं. कोपऱ्यांचं चामडं कडक होऊन तडकलं होतं, ते सगळं बदललं. पुठ्ठा शाबूत होता, त्याला हात लावला नाही. आता स्टॉप (हवा सुरांकडे सोडणाऱ्या खुंट्या) बंद ठेवून भाता भरला आणि सोडला तर तो हळूहळू, सावकाश खाली येतो. पूर्वी हात काढायच्या आत बसायचा. नव्यानं या कामात पडणाऱ्यांसाठी सांगून ठेवते: ही चाचणी दोनदा करायची. स्टॉप बंद असताना हवा गेली तर दोष भात्यात. स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता गेली तर दोष पट्ट्यांखालच्या झडपांत. मी आधी दुसरी बाजू सोडवली, कारण तिथं फक्त फेल्ट आणि चामड्याच्या पट्ट्या बदलायच्या होत्या आणि काम लवकर दिसतं.

पेटी साधीच आहे. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, दुहेरी सूर, एक ओळ खर्जाची, म्हणजे खालच्या सुरांची, आणि एक नराची, म्हणजे मधल्या. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबणारी सोय) नाही, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून षड्ज बदलायची सोय) नाही. लाकूड सागवानी, पॉलिश गेलेलं. वरच्या फळीवर उजव्या कोपऱ्यात चहाच्या कपाचं गोल वळ आहे. ते घासायचं नाही असं ठरवलं आहे.

ही पेटी आमच्या कॉलेजच्या संगीत विभागाच्या सरांची. सर गेले त्यानंतर काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. "माळ्यावर ठेवली तर उंदीर खातील गं. तू तरी वाजवशील. घेऊन जा." मी संकोचानं म्हटलं, घरात कुणाला हवी असेल. त्यावर काकू म्हणाल्या, "घरात सगळ्यांना आठवण हवीय, पेटी कुणाला नकोय." ज्यांनी काकूंना ऐकलंय त्यांना यातला सूर कळेल.

सरांविषयी शोकसभेत बरंच बोललं गेलं. युवा महोत्सवातल्या ढाली, विभागाची स्थापना, शिस्त, साधी राहणी. खोटं काहीच नव्हतं, पण ज्यांचे सर होते त्यांना त्यात सर फारसे सापडले नाहीत. वर्गात ते फार कमी बोलायचे. बोलले तर बहुधा प्रश्न असायचा.

मी विभागात गायला म्हणून गेले होते. पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "गळा बरा आहे. कान जास्त बरे आहेत. पेटीवर बस." तेव्हा वाईट वाटलं होतं. पेटीवर बसवलं आणि पहिलं काम दिलं ते नगम्याचं, म्हणजे तबल्यासाठी एकच ओळ वाजवत ठेवण्याचं. ज्यांनी तबल्याला नगमा धरलाय त्यांना ठाऊक आहे ही काय शिक्षा असते. तीनताल, राग चंद्रकंस, तीच सोळा मात्रांची ओळ. समोर तबल्याची मुलं कायदे, पलटे, तुकडे वाजवतायत, चुकतायत, हसतायत, आणि आपण मात्र जागचं हलायचं नाही. लय चढवायची तर सर बोटानं खूण करणार, तेव्हाच. एकदा मला कंटाळा आला म्हणून मी समेच्या आधी छोटीशी हरकत घेतली. सरांनी हात वर करून तबला थांबवला. मला काही बोलले नाहीत. तबल्यावरच्या मुलाला विचारलं, "तुझी सम कुणी खाल्ली रे?"

साथीचा सगळा धडा त्यांनी असा उलट्या बाजूनं दिला. भीमसेन जोशींच्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण लावायचे, पेटीच्या साथीला आप्पा जळगावकर. आम्ही गाण्यात रंगलेलो असायचो आणि सर टेप थांबवून विचारायचे, "आता इथं आप्पांनी काय वाजवलं नाही?" सुरुवातीला हा प्रश्नच कळायचा नाही. हळूहळू ऐकू यायला लागलं. गायक षड्जावर थांबला की पेटी मागे सरकते. तान पूर्ण होण्याआधी तिचा अंदाज आला असला तरी पेटी आधी पोचत नाही. गायकाचा श्वास तुटेल अशा जागी मात्र सूर हलकेच भरून धरते. हे एकदा ऐकू आलं की मग दुसरं काही ऐकवत नाही, मी अजूनही गाण्याला गेले तर आधी पेटीवाल्याचे हात बघते.

पेटीची बाजू घेऊन भांडणाऱ्यांपैकी सर नव्हते. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं, हे ते वर्गात हसत हसत सांगायचे. कुणीतरी चिडून म्हणायचं, सर, काय हा अन्याय! तर म्हणायचे, "आरोप खरे आहेत. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही. सूर ठरलेले आहेत, आणि ते आपल्या गाण्यातले नाहीत. आता एवढं मान्य करून काय करता येतं ते बघू." पॅरिसमध्ये जन्मलेलं, कोलकात्यात द्वारकानाथ घोषांच्या हाताखाली जमिनीवर बसून वाजवण्याजोगं झालेलं हे वाद्य. आमच्या नाटकमंडळ्यांनी ते असं आपलंसं केलं की १९११ साली 'मानापमान'च्या पदांना चाली द्यायला गोविंदराव टेंबे हे पेटीवाले बसले. सरांना या इतिहासाचं प्रेम होतं, पण कानाशी तडजोड करण्याइतकं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. ही नोंद खरं तर त्यासाठीच लिहायला घेतली.

भाता झाल्यावर रीडबोर्ड, म्हणजे सूर देणाऱ्या जिभांची फळी, बाहेर काढला. पितळी जिभांवर कीट बसली होती, काहींवर हिरवट. जिभेच्या टोकाशी मळ साचला की वजन वाढून सूर उतरतो, म्हणून साफ केल्याशिवाय मोजायचं नाही हा नियम पाळला. मऊ ब्रश, जिभेखालून पातळ कागद, बस. मग बोर्ड जागेवर बसवला. पेटीबाहेर फुंकून लावलेला सूर आत बसल्यावर थोडा हलतोच. भाता शक्य तितका एकसारखा चालवत ट्यूनर ॲपवर एकेक सूर लिहून काढला. अख्खी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा थोडी चढी आहे, जुन्या पेट्या असतातच. त्यामुळे काळी एक (सप्तकातली डावीकडून पहिली काळी पट्टी) हा सा धरून, तो शून्यावर आणून बाकीचे बाजारी पेटीच्या समान अंतरांच्या सुरांपेक्षा किती वर-खाली आहेत ते मोजले.

वाटलं होतं की इतक्या वर्षांत सूर इकडेतिकडे विखुरले असतील. पण विखुरलेले नव्हते. शुद्ध गंधार, म्हणजे पांढरी चार, १४ सेंट खाली (शेजारच्या दोन सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तीनही सप्तकांत, खर्जात आणि नरातही. कोमल गंधार १६ वर. पंचम २ वर, मध्यम २ खाली. शुद्ध निषाद १२ खाली, कोमल धैवत १४ वर. तार सप्तकातले तीन सूर आणि एखाद-दुसऱ्या सेंटचा फरक सोडला तर सगळीकडे तेच. हे आकडे ज्यांच्या ओळखीचे आहेत त्यांच्या लक्षात आलंच असेल: ही समान अंतरांची, बाजारातली पेटी राहिलेली नाही. सरांनी ती काळी एकच्या षड्जाला नैसर्गिक, म्हणजे षड्जाशी साध्या प्रमाणात जुळणाऱ्या, स्वरांत लावून घेतली आहे. जिभांवर खुणाही आहेत. गंधाराच्या जिभा मुळाशी खरवडलेल्या, म्हणजे सूर उतरवलेला. कोमल गंधाराच्या टोकाशी कानसलेल्या, म्हणजे चढवलेला. हात अगदी हलका. कुठेही जीभ दुबळी केलेली नाही.

हे कळल्यावर त्यांचं एक जुनं वाक्य नव्यानं ऐकू आलं. वर्गात मिरजेचा तंबोरा होता. जवारी (तारांचा गुंजणारा नाद) लावून झाली की ते आम्हाला गप्प बसवायचे: "खर्जातून गंधार ऐकू येईपर्यंत पेटीला हात लावायचा नाही." तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार निघतो तो समान स्वरांतल्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो. काळी एकला मध्य सप्तकातला बाजारी गंधार साधारण ३४९.२ हर्ट्झचा, तंबोऱ्यातला ३४६.५ चा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पावणेतीनच्या आसपास बीट्स, म्हणजे आवाजाच्या कमी-जास्त होणाऱ्या लाटा, पडतात. एकदा कानाला लागले की तो यमन ऐकवत नाही. सरांच्या पेटीवर मी परवा तंबोरा लावून गंधार धरला. काही हललं नाही. दोन वाद्यं आहेत हेच कळेनासं झालं.

एक सूर मात्र अडला. शुद्ध धैवत, काळी पाच. हिशोबानं तो १६ सेंट खाली हवा. भूपातला धैवत मनात आणा, तोच. पण इथं तो ६ सेंट वर होता, आणि तोही सगळ्या सप्तकांत सारखा. टोकाशी कानशीच्या खुणा स्पष्ट, म्हणजे मुद्दाम चढवलेला. देशकारासाठी चढा धैवत हवा, असं वाटून काही दिवस तेच समाधान मानलं. पण सर काही देशकारात रमणारे नव्हते. एका रागासाठी भूप, यमन, बिहाग सगळ्यांचा धैवत चढा ठेवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

उत्तर मिळालं ते सहज काळी चारला सा धरून बसले तेव्हा. पेटी तिथंही सुरेल! कागद घेतला. काळी चार म्हणजे मूळचा पंचम, स्वतःच २ वर; आकडे तिथून मोजले. काळी चारला सा धरला की गंधार येतो पांढरी एक, म्हणजे मूळचा निषाद, आणि तो नेमका १४ सेंट खाली बसतो. निषाद येतो पांढरी पाच, तो सरांनी १० खाली ठेवलाय, म्हणजे इथून १२ खाली, बरोबर. धैवत पांढरी चार, १६ खाली, बरोबर. कोमल गंधार पांढरी सात, १६ वर, बरोबर. आणि रिषभ? रिषभ म्हणजे काळी पाच. तोच अडलेला धैवत. सहा सेंट चढा असल्यामुळे इथं तो ४ वर, नेमका शुद्ध रिषभ. तो १६ खाली ठेवला असता तर काळी चारचा रिषभ २२ सेंटनी पडला असता आणि त्या पट्टीत पेटी उघडायची सोय राहिली नसती.

मुलं काळी एकला गायची, मुली बहुतेक काळी चारला. एकाच पेटीत दोन्ही षड्ज बसावेत म्हणून सरांनी एका सुराचा बळी दिला होता, आणि तोही स्वतःच्या पट्टीतला. सर स्वतः काळी एकला गायचे. भूप त्यांचा आवडता. म्हणजे घरी एकटे गाताना दर वेळी तो चढा धैवत त्यांना टोचत असणार.

मग आणखी एक आठवलं. युवा महोत्सवाला ते ही पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवून आणायचे. पण काळी पाचला गाणारी मुलगी असली की कॉलेजचीच पेटी मागवायचे. आम्हाला वाटायचं, ने-आण करायचा कंटाळा. काळी पाचला सा धरला तर पंचम येतो पांढरी चार, आणि तो २२ सेंटनी उतरलेला (तो १४ खाली, सा ६ वर, आणि पंचम हवा २ वर). पंचमच बेसूर. मुद्दाम वाजवून पाहिलं, अंगावर काटा येतो. हे त्यांनी आम्हाला कधी समजावून सांगितलं नाही. बहुधा विचारलंही नाही कुणी.

डॉ. विद्याधर ओकांच्या २२ श्रुतींच्या, म्हणजे सूक्ष्म स्वरांच्या, पेटीत अशा जागी सूर बदलायची सोय असते, त्यामुळे असा बळी द्यावा लागत नाही. सरांकडे मिळून बारा सूर आणि एक कानस होती.

तर निर्णय असा: पेटी पुन्हा समान स्वरांत लावायची नाही. मिरजेला एका जाणत्या कारागिरांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, विकायची असेल तर लावून घ्या, वाजवायची असेल तर हात लावू नका. तार सप्तकातले तीन सूर तेवढे सरकलेत, ते मी सरांच्याच आकड्यांवर आणते आहे. जीभ उचलून खाली पातळ पत्रा सरकवायचा, मगच कानस. एकदा घासायचं, बसवायचं, भाता भरून ऐकायचं. घाई केली की जीभ जाते, आणि त्या काळची जीभ आता बाजारात मिळत नाही. गुजरातेतल्या पालिताण्याच्या नव्या रीड्स (जिभा) चांगल्या असतात, पण शेजारच्या सुरांत मिसळत नाहीत, रंग वेगळा ऐकू येतो.

रियाझाचं म्हणाल तर चंद्रकंसाचा नगमा पुन्हा धरलाय. या पेटीवर तो फार वेगळा लागतो. कोमल गंधार चढा, कोमल धैवत चढा, निषाद उतरलेला. षड्जावर परत येताना निषाद ओढ लावत नाही, नुसता टेकतो. विलंबितात डावा हात अजून अडखळतो, भात्याचा जोर मात्रेबरोबर वाढतो आणि सूर फुगतो. द्रुतात ठीक आहे. तबल्यावर आमच्या बॅचचाच मित्र येतो. परवा त्यानं पेशकार संपवून विचारलं, "कंटाळा नाही ना आला?" मी म्हटलं, वाजव तू.

पुढचं काम: खर्जाच्या ओळीतल्या दोन स्प्रिंगा ढिल्या आहेत, पट्टी उशिरा वर येते. एक स्टॉप पावसाळ्यात फुगून अडकतो, त्याला बाजूनं जरा रंधा मारावा लागेल. आणि कॉलेजच्या आताच्या मॅडमनी पुढच्या महिन्यात साथीला बोलावलंय. गाणारी मुलगी काळी पाचला गाते. तेव्हा स्केल चेंजर घेऊन जाईन.